वाळूच्या बेटावरची मंडळी

१९४५ च्या डिसेंबरात सोल शहरात सत्तावीस माणसं उपासनेसाठी जमली. बहुतेक सगळी उत्तरेतून पळून आलेली. ऑगस्टमध्ये जपानची सत्ता संपली होती, अडतिसाव्या अक्षांशाच्या वर सोव्हिएत फौजा येऊन बसल्या होत्या आणि तिथल्या ख्रिस्ती माणसाला आपलं काय होणार याचा अंदाज येऊ लागला होता. त्यांचे पाळक हान ग्योंग-जिक हे चीनच्या सीमेवरच्या शिनुइजू शहरात सेवा करत होते. तेही असेच निसटून आलेले. मंडळीला जागा मिळाली ती जपानी तेन्रिक्यो पंथाच्या रिकाम्या झालेल्या मंदिराच्या आवारात. पुढं हीच मंडळी ‘यंगनाक चर्च’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दर आठवड्याला उत्तरेकडून नवी माणसं येत, आत मावत नसत, मग आवारात तंबू ठोकावा लागे. १९४९ मध्ये दगडी इमारतीचं काम सुरू झालं आणि ती उभी राहिली १९५० च्या जूनमध्ये, ज्या जूनच्या २५ तारखेला युद्ध पेटलं.

दक्षिण कोरियातल्या प्रचंड चर्चची गोष्ट सांगताना अनेक जण १९७० च्या दशकातल्या भरभराटीपासून सुरुवात करतात. मला ती या निर्वासितांपासून सुरू करावीशी वाटते. गाव गेलं, जमीन गेली, भावकी तिकडेच राहिली. अशा माणसाला रविवारी आपल्या बोलीत बोलणारे हजार लोक एका छपराखाली भेटत असतील, तर चर्च जितकं मोठं तितकं बरं. नातलग सापडण्याची शक्यताही तिथंच. पण या एकोप्याला दुसरी बाजू होती. १९४६ मध्ये उत्तरेतल्या निर्वासित तरुणांची ‘वायव्य युवक संघ’ नावाची कडवी साम्यवादविरोधी संघटना उभी राहिली. १९४८ पासून जेजू बेटावर जे हत्याकांड झालं, त्यात या संघाचे हात रक्तानं माखले. संघात यंगनाकचे तरुण पुढं होते, हे खुद्द हान यांनीच नंतर सांगितलं. त्याच हान यांना १९९२ मध्ये टेम्पल्टन पारितोषिक मिळालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

उत्तरेत एवढे ख्रिस्ती होते कसे? प्योंगयांगला एके काळी ‘पूर्वेचं यरुशलेम’ म्हणत. चीनमध्ये काम करणारे मिशनरी जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियात आले आणि तिथल्या तरुण मिशनऱ्यांना त्यांनी एक शिस्त घालून दिली: मंडळीनं आपला खर्च आपण उचलायचा, आपला कारभार आपण बघायचा, प्रसारही आपणच करायचा. परदेशी पैशावर पाळक पोसायचा नाही. पवित्र शास्त्राचे वर्ग हा या पद्धतीचा कणा. शेतीची कामं संपली की माणसं डोक्यावर तांदूळ घेऊन मैलोन् मैल चालत त्या वर्गांना येत. दरबारी विद्वानांनी बायकांची म्हणून हिणवलेली हांगुल लिपी याच वर्गांत हजारो बायका शिकल्या, आणि त्यांतल्या काही ‘बायबल बायका’ होऊन गावोगाव फिरू लागल्या.

१९०७ च्या जानेवारीत प्योंगयांगच्या जांगदेह्योन चर्चमध्ये अशाच एका वर्गात शेकडो माणसं एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागली, रडू लागली, उभं राहून आपापली पापं कबूल करू लागली. आदल्या वर्षी हॉवर्ड अॅग्न्यू जॉन्स्टन नावाचे पाहुणे वेल्समधल्या आणि आपल्याकडच्या खासी टेकड्यांतल्या धार्मिक संजीवनाच्या बातम्या घेऊन कोरियात येऊन गेले होते. त्याच लाटेत १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली अशाच एका आवाजात, एकाच वेळी प्रार्थना करत होत्या. केडगाव आणि प्योंगयांग यांचा थेट पत्रव्यवहार होता असा माझा दावा नाही. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट घडली: धर्मोपदेशकानं बोलायचं आणि मंडळीनं ऐकायचं, हा क्रम काही काळ मोडला. कोरियात तो कायमचाच मोडला. आजही तिथल्या चर्चमध्ये ‘जुयो!’ म्हणजे ‘हे प्रभू!’ अशी तीनदा हाक देऊन सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थनेला लागतात.

युद्ध १९५३ मध्ये थांबलं. त्यानंतरचं सोल हे विधवांचं, अनाथांचं आणि कामाच्या शोधात आलेल्यांचं शहर होतं. १८ मे १९५८ रोजी शहराच्या पश्चिमेकडच्या गरीब कडेला, देजो-दोंग वस्तीत, छ्वे जा-शिल नावाच्या बाईंच्या घरात पाच जणांची उपासना झाली. पाचांतले बहुतेक बाईंच्याच घरातले. सफरचंदाच्या खोक्यावर कापड टाकून व्यासपीठ केलेलं. उपदेश केला चो योंग-गी या बावीस वर्षांच्या तरुणानं. जगानं पुढं त्याला डेव्हिड योंगी चो म्हणून ओळखलं.

चो बौद्ध घरातला, ऐन तारुण्यात क्षयानं अंथरुणाला खिळलेला आणि त्या आजारपणातच ख्रिस्ती झालेला. छ्वे बाई त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठ्या, उत्तरेतून आलेल्या. त्यांनी परिचारिकेचं काम केलेलं, पुढं व्यवसाय केला, तो बुडाला. दोघांची भेट पेंटेकॉस्टल पंथाच्या बायबल शाळेत झाली. तिथं तो आजारी पडला तेव्हा त्यांनीच त्याची शुश्रूषा केली. पुढं १९६५ मध्ये बाईंच्या मुलीशी, किम संग-हेशी, त्याचं लग्न झालं. जगभरच्या चर्चवाढीच्या पुस्तकांत चो यांचं नाव ठळक अक्षरांत असतं आणि सासूबाई एका ओळीत उरकल्या जातात. पण पहिल्या काळात दारोदार जाऊन आजाऱ्यांजवळ बसणाऱ्या, उपास धरणाऱ्या, माणसं ओढून आणणाऱ्या त्याच होत्या. त्यांच्या आत्मकथनाचं नावच मुळी ‘मी हालेलुया काकू होते’ असं आहे.

घर अपुरं पडलं तेव्हा अमेरिकी लष्कराचा जुना तंबू आणला. तंबूत काय मिळत होतं? पहिल्यांदा, बरं होण्याची आशा. कोरियात आरोग्य विमा आला तोच १९७७ मध्ये, तोही आधी मोठ्या कारखान्यांपुरता. सगळ्यांना मिळायला १९८९ उजाडलं. ज्या वस्तीत डॉक्टर परवडत नाही तिथं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारा तरुण पाळक लोकांना जवळचा वाटला, यात नवल नाही. चो यांचा उपदेशही तसाच रोकडा होता. आत्म्याचं तारण, शरीराचं आरोग्य आणि संसारातली बरकत, असा ‘तिहेरी आशीर्वाद’ ते सांगत. जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळींना हे अजिबात पटत नव्हतं. ही कोरियन मांत्रिकिणींचीच परंपरा ख्रिस्ती कपड्यात आल्याची टीका व्हायची. १९८३ मध्ये तिथल्या एका मोठ्या प्रेस्बिटेरियन पंथानं त्यांच्या शिकवणीवर पाखंडाचा ठपका ठेवला, आणि १९९४ मध्ये तो काढून घेतला. अकरा वर्षांत शिकवण बदलली की टीकाकारांची चर्च त्याच वाटेनं चालू लागली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मला दुसरं उत्तर जास्त पटतं.

१९६१ मध्ये मंडळी शहराच्या मध्याकडे, सोदेमुनला आली. लोकसंख्याही त्याच दिशेनं वाहत होती. १९६० मध्ये सुमारे २४ लाखांचं असलेलं सोल १९७० पर्यंत ५५ लाखांचं झालं. १९६४ पर्यंत चर्चचे सभासद तीन हजारांच्या घरात गेले, आणि त्या वर्षी एका रविवारी, शेकडो जणांना बाप्तिस्मा देऊन वर पाहुण्या उपदेशकाचं भाषांतर करता करता, चो व्यासपीठावर कोसळले. वय अठ्ठावीस. सगळं स्वतःच करायचं या हट्टानं शरीर मोडलं होतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना निर्गमाचा अठरावा अध्याय आठवला, असं ते सांगत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो, अरे, अशानं तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. चो यांनी आपल्या डीकन, म्हणजे मंडळीतल्या सेवक, पुरुषांना बोलावलं आणि शहरभर घरोघरी छोट्या सभा घेण्याची योजना मांडली. डीकनांनी ऐकून घेतलं आणि नकार दिला. आम्ही दिवसभर काम करून दमतो, आम्हाला उपदेशाचं शिक्षण नाही, आणि पगार तर तुम्ही घेता. चो यांनी हा नकार स्वतःच्या पुस्तकात प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. मग त्यांनी स्त्री डीकनांना विचारलं. त्या तयार झाल्या.

१९६० च्या दशकातल्या कोरियात हे साधं नव्हतं. कन्फ्युशियसच्या शिस्तीत वाढलेला पुरुष परक्या बाईकडून धर्माचे धडे घेणार नव्हता. बाईनं शिकवावं की नाही यावर मंडळीतही कुरकुर झाली. चो यांनी तोडगा काढला: या बायकांनी डोक्यावर टोपी घालावी, म्हणजे त्या पाळकाच्या अधिकाराखाली बोलतात हे सगळ्यांना दिसेल. अधिकार दिला आणि त्याच हातानं त्यावर झाकणही ठेवलं. तरीही सभा सुरू झाल्या. सोलचे वीस विभाग पाडले, प्रत्येकाला एक प्रमुख बाई. अशा घरगुती गटाला कोरियनमध्ये ‘गुयोक’ म्हणतात.

पहिली काही वर्षं घोळाची होती, आणि मला हाच भाग सगळ्यांत रसाळ वाटतो. एका बाईनं सभेला आलेल्यांना चहा-फळं दिली की पुढच्या आठवड्याची यजमानीण जेवण घालायची, तिसरी त्याहून मोठी पंगत. गरीब घरांतल्या बायका मग यजमानपण टाळू लागल्या. काहींनी बाहेरचे वक्ते बोलावले. कुठं एकाच घरात तीस-चाळीस कुटुंबं दाटीवाटीनं बसू लागली. आणि पैसा आला. कोरियात बायकांची ‘ग्ये’ चालते, अगदी आपल्या भिशीसारखी. तिची आणि व्याजानं उसनवारीची सवय थेट प्रार्थनेच्या खोलीत शिरली. पैसे बुडाले की माणसं चर्चच सोडत. मग नियम झाले. खाणं साधं ठेवायचं. सभासदांत पैशाचे व्यवहार करायचे नाहीत. बाहेरचा वक्ता परवानगीशिवाय आणायचा नाही. कुटुंबं ठरावीक संख्येच्या वर गेली की गट दोन करायचा, आणि त्यासाठी दुसरी प्रमुख आधीच तयार ठेवायची. धडा चर्चमधून छापून येणार, प्रमुखांना त्याचं प्रशिक्षण मिळणार, आणि कोण आलं, कोण आजारी, कुणाचा नवरा पितो, कुणाची नोकरी गेली याचा अहवाल दर आठवड्याला वर जाणार.

हा अहवाल नीट बघायला हवा. लाखो माणसांच्या चर्चमध्ये कुणी सलग काही रविवार दिसलं नाही तर पाळकाला कळणं शक्य नाही. गल्लीतल्या बाईला मात्र तिसऱ्या दिवशी कळतं. चो यांनी एक गोष्ट सांगितली आहे. नव्या उंच इमारतींत राहणाऱ्या एका प्रमुख बाईला शेजाऱ्यांची दारं बंद मिळत. मग ती सुटीच्या दिवशी लिफ्टमध्येच खालीवर करू लागली. कुणाच्या हातातली पिशवी धर, कुणाचं मूल घे, अशा ओळखी काढत तिनं गट उभा केला. गोष्टीत थोडा मीठमसाला असेलही. पण खेड्यातून येऊन अचानक बाराव्या मजल्यावर राहू लागलेल्या बाईला अशा एका दारठोठाव्याची किती गरज होती, हे मुंबईच्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्यांना सांगायला नको.

योइदो हे हान नदीतलं सपाट, वाळूचं बेट. आधी तिथं विमानतळ होता. १९६८ मध्ये सरकारनं बांध घालून ते विकासाला खुलं केलं आणि लगेच १९६९ मध्ये चो यांनी तिथं दहा हजार आसनांच्या चर्चचा पाया घातला. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, कारण बेटावर जायला धड वाहन नव्हतं. मग चलन घसरलं, बांधकामाचे भाव चढले, तेलाचं संकट आलं. काम अडलं आणि लोक अर्धवट इमारतीच्या तळघरात थंडीत प्रार्थनेला बसू लागले. एका वृद्धेनं आपल्याकडे एवढंच आहे म्हणून भाताचा वाडगा आणि चॉपस्टिक देऊ केल्या, ही चो यांची आवडती आठवण. दुसरीकडे, जागा अचूक होती. १९७१ मध्ये बेटावर लिफ्टवाले उंच अपार्टमेंट झाले, १९७३ मध्ये चर्च पूर्ण झालं, १९७५ मध्ये शेजारीच संसदेची नवी घुमटाकार इमारत उभी राहिली. १९७३ च्या ३ जूनला बेटावरच्या विस्तीर्ण डांबरी मैदानात अमेरिकी उपदेशक बिली ग्रॅहम यांची सभा झाली. आयोजकांच्या अंदाजानं ११ लाख लोक होते. पार्क चुंग-ही यांची लष्करशाही, साधी विद्यार्थी सभा घ्यायलाही बंदी, आणि इथं अकरा लाखांना परवानगी. सत्तेला कोणता जमाव चालतो आणि कोणता चालत नाही, हे यातून पुरतं कळतं.

बेटाशेजारीच, योंगदंगपोच्या कारखान्यांत, याच वर्षांत दुसरे ख्रिस्ती गट जमत होते. ‘नागरी औद्योगिक मिशन’चे पाळक कापड गिरण्यांतल्या मुलींच्या आठ-दहा जणींच्या बैठका घेत. विषय मात्र वेगळे: पगारचिठ्ठी कशी वाचायची, कामगार कायदा काय म्हणतो. इंचनच्या दोंगिल कापड गिरणीत मेथडिस्ट पाळक चो ह्वा-सून यांनी १९६६ मध्ये स्वतः मजूर म्हणून काम केलं. तिथल्या मुलींनी पुढं कामगार संघटनेत स्त्री अध्यक्ष निवडून आणली, आणि १९७८ मध्ये संघटनेच्या निवडणुकीला आलेल्या मुलींच्या अंगावर विरोधकांनी विष्ठा फेकली. खोली तेवढीच, माणसंही खेड्यातूनच आलेली. एका खोलीतून जगातलं सर्वांत मोठं चर्च निघालं, दुसरीतून कामगार चळवळ. इतिहासकार या दोन्हींना सहसा वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. मला त्या शेजारच्या खोल्या वाटतात.

योइदोची वाढ त्यानंतर थांबेना. चर्चच्या स्वतःच्या मोजणीनुसार १९७९ मध्ये एक लाख सभासद, १९८१ मध्ये दोन लाख, १९९२ मध्ये सात लाख. या आकड्यांत उपनगरांतल्या शाखा धरलेल्या असत, आणि नाव एकदा चढलं की सहजी उतरत नसे; तरी निम्मे धरले तरी डोळे विस्फारतात. रविवारी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक सात उपासना. प्रत्येकीला वेगळा गायकवृंद. मुख्य दालन भरलं की बाजूच्या दालनांत पडद्यावर थेट प्रक्षेपण. एक लोट बाहेर पडतोय तोच दुसरा आत, मध्ये बसगाड्यांच्या रांगा. शुक्रवारी रात्रभर प्रार्थना. १९८२ च्या जानेवारीपर्यंत मध्यरात्री ते पहाटे चार संचारबंदी असे, त्यामुळं एकदा आत आलेला माणूस पहाटेपर्यंत आतच राही. पुढं संचारबंदी गेली, रात्र राहिली. छ्वे बाईंनी शहराबाहेर ओसान्रीला उपास-प्रार्थनेची टेकडी सुरू केली होती, तिथं माणसं दोन हात रुंदीच्या खोपटांत दिवसचे दिवस उपाशी बसत. १९८८ मध्ये चर्चनं ‘कुकमिन इल्बो’ हे दैनिक काढलं. अमेरिकेतले पाळक विमानं भरून हे बघायला येत आणि परत जाऊन ‘छोट्या गटां’ची पुस्तकं लिहीत. ते यंत्रणा घेऊन गेले. ती चालवणाऱ्या, पगार न घेणाऱ्या बायका त्यांच्याकडे नव्हत्या.

पुढं कोरियातही त्या कमी होऊ लागल्या. मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, दुपारी घरी सापडेनात. हान नदीच्या दक्षिणेला नव्या श्रीमंत वस्त्या झाल्या आणि तिथल्या चर्चची तऱ्हा निराळी होती. उत्तम वाद्यवृंद, भूमिगत वाहनतळ, मुलांसाठी इंग्रजी वर्ग. माणसं जुन्या मंडळ्या सोडून इकडे येऊ लागली, म्हणजे नव्यानं ख्रिस्ती होणारे कमी आणि चर्च बदलणारे जास्त. जनगणनाही तेच सांगते. १९८५ मध्ये प्रोटेस्टंट १६ टक्के होते, १९९५ मध्ये १९.७ टक्के, आणि २०१५ मध्येही १९.७ टक्केच. त्या वर्षी निम्म्याहून अधिक कोरियन लोकांनी ‘धर्म नाही’ असं नोंदवलं. गल्लीतला छोटा पाळक भाडं थकवून दुकान बंद करत होता आणि शेजारी काचेचं चर्च वर चढत होतं.

चो २००८ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्या जागी ली यंग-हून आले. २०१० मध्ये वीस शाखा स्वतंत्र मंडळ्या म्हणून वेगळ्या झाल्या. सोपं स्थित्यंतर, असं बाहेरून वाटलं. मग चर्चच्याच वडीलमंडळींनी हिशेब उघड करायला सुरुवात केली. २००२ मध्ये चर्चनं चो यांच्या थोरल्या मुलाच्या कंपनीचे शेअर बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या किमतीला विकत घेतले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये कनिष्ठ न्यायालयानं चो यांना सुमारे १३ अब्ज वॉनच्या नुकसानीबद्दल दोषी धरलं. तीन वर्षांची शिक्षा स्थगित, दंड ५ अब्ज वॉन. मुलाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तक्रार करणारी ही वडीलमंडळी पुरुष होती, हेही नोंदवायला हवं. बायकांचे अहवाल चाळीस-पन्नास वर्षं खालून वर जात राहिले. वरचा हिशेब खाली यायची मात्र सोय नव्हती. २०२१ च्या सप्टेंबरात चो वारले.

दोष पाळकांचा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण १९८० मध्ये पूर्व सोलमध्ये स्थापन झालेल्या म्योंगसंग चर्चचं काय? पहाटेच्या प्रार्थनेसाठी प्रसिद्ध असलेली ही प्रेस्बिटेरियन मंडळी किम साम-ह्वान यांनी वाढवली आणि ती देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाली. पाळकपद बापाकडून मुलाकडं जाऊ नये असा नियम त्यांच्याच पंथाच्या महासभेनं २०१३ मध्ये केला, आणि ती महासभा भरली होती म्योंगसंग चर्चमध्येच. चार वर्षांनी, २०१७ मध्ये, किम यांचा मुलगा किम हा-ना त्या व्यासपीठावर आला. पंथाच्या न्यायमंडळात खटले झाले, विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. २०१९ मध्ये महासभेनं तडजोड केली: मुलानं २०२१ पासून पद सांभाळावं. पण २०१७ च्या मार्चमध्ये हा प्रश्न आधी मंडळीपुढंच ठेवला गेला होता. प्रौढ सभासदांनी, म्हणजे पहाटे अंधारात येणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनी, त्यावर मतदान केलं, आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं मुलाच्या बाजूनं पडली.